हाकांचे रांजण

तुमच्या दोघांपैकी मोठीला देवनागरी सावकाश का होईना वाचता येतं, धाकट्याला येत नाही. म्हणून हे तिने मोठ्याने वाचावं आणि त्याने शेजारी बसून ऐकावं. ऐकणाऱ्याने अधूनमधून ‘हूं’ म्हणायचं. ‘हूं’ थांबलं की वाचणारीनेही थांबायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचायचं. हा नियम माझा नाही. तो कुठून आला ते पुढे येईल.

विषय एकच आहे: आपली गोष्ट. पाच वर्षं चालून सातव्या दारापाशी थांबलेली. ती कशी संपली आणि मी ती इतके दिवस का संपवत नव्हते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं आहे.

ज्या वर्षी सगळ्यांनी दारं लावून घेतली होती, त्या वर्षी ती सुरू झाली. तुमची शाळा स्क्रीनवर, तुमच्या आईबाबांचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आणि इकडे रावेतच्या अकराव्या मजल्यावर मी एकटी. तुमचे आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. रविवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेत सकाळी दहाला (थंडीत नऊला, कारण तुमची घड्याळं सरकतात), तुमचे बाबा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि म्हणायचे, “आई, यांना अर्धा तास बघशील का?” इतक्या लांबून मुलं कशी बघतात हे मला ठाऊक नव्हतं. मोठी दहा वर्षांची होती, धाकटा आठ. दोघं एकमेकांना चमच्याने टोचत होतात. मी म्हटलं, “एका गावातल्या हाका चोरीला गेल्या होत्या,” आणि तुम्ही टोचायचे थांबलात.

ते गाव दोन नद्यांच्या मध्ये होतं. संध्याकाळ झाली की तिथे घराघरातून मुलांना हाका मारत, आणि हाक ऐकली की मुलं खेळ टाकून घरी पळत. लांब काळ्या डोंगरावर एक किल्ला होता. तिथला राजा सोनं लुटत नसे, गुरं नेत नसे. तो हाका न्यायचा. त्याच्या शिपायांनी आईच्या तोंडातून हाक निघता निघता झेलायची, मातीच्या रांजणात भरायची, वर ओलं फडकं बांधून लाख लावायची. मग हाक आली नाही की मुलांना संध्याकाळ झाल्याचं कळत नसे. ती खेळत राहत, मग चालत राहत आणि शेवटी घर कुठल्या दिशेला होतं हेही विसरत. आपल्या गावाच्या हाका परत आणायला एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ निघाले. निघताना एका म्हातारीने त्यांना लाकडाची लहान पेटी दिली आणि बजावलं, किल्ल्यात पोचल्याशिवाय ही उघडायची नाही.

“पेटीत काय आहे?” धाकट्याने विचारलं.

“वेळ आली की कळेल.”

खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, चार रविवारांत हे सगळं मिटेल आणि तोवर काहीतरी सुचेल.

राजाचे शिपाई सगळे एकाच रंगाच्या शर्टात, ओळीने बसमधून यायचे आणि वाटेवरच्या चौक्यांवर तीन शिफ्टमध्ये पहारा करायचे. एक शिफ्ट सुटून दुसरी येईपर्यंत पाव तास फाटकावर कोणी नसायचं, आणि बहीण-भाऊ नेमके त्या पाव तासात निसटायचे. तुम्हाला हे फार आवडलं. “पण ओव्हरटाइम असला तर?” असं मोठीने विचारलं तेव्हा मी इतकी हसले की फोन पडला. हे मी कल्पनेने रचलेलं नव्हतं. तुमचे आजोबा नोकरीची शेवटची काही वर्षं चाकणच्या कारखान्यात होते. दुसरी पाळी असली की दुपारी दोनला त्यांची कंपनीची बस चौकात यायची. पहिली पाळी असली की चारला सोडायची. ते आमच्या जुन्या घराखालूनच माझं नाव घेऊन हाक मारायचे. जिना चढायच्या आधी. मी चहाचं आधण ठेवावं म्हणून.

मी स्वतः अठ्ठावीस वर्षं चिंचवडच्या एका कंपनीत साहेबांची सेक्रेटरी होते. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली मुलगी त्या काळी शिक्षिका व्हायची, मी टायपिंग शिकले. मीटिंगचं इतिवृत्त लिहिणं हे माझं मुख्य काम: कोण हजर, कोण गैरहजर, काय ठरलं, कोणाचा विरोध. नवव्या रविवारी मी नदीवरचा पूल जाळला आणि चौदाव्या रविवारी बहीण-भावाला त्याच पुलावरून नेलं. धाकटा म्हणाला, “आजी, तो पूल जळला ना?” तेव्हापासून मी वही घातली. प्रत्येक रविवारचं इतिवृत्त. वरच्या ओळीत तारीख, खाली ‘हजर: दोन’, मग काय घडलं, कोणती वस्तू कोणाच्या हातात, कोण कुठे थांबलं. त्या वहीत माझी एकही चूक सापडणार नाही. एका गोष्टीची मात्र नोंद नव्हती, ती पुढे.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये माझ्याच वयाच्या एक बाई राहत. इमारतीत सगळे त्यांना आक्का म्हणत. ही इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. मुलांनी ती बिल्डरला दिली, बदल्यात आलेल्या फ्लॅटपैकी एकात आक्का. पार्किंगमधल्या बारा नंबरच्या खांबापाशी आमची विहीर व्हती, असं त्या लिफ्टमध्ये कोणालाही सांगत. आमचा संबंध तेवढाच होता. लिफ्टमधला.

उन्हाळ्यात वाऱ्यासाठी मी दार उघडं ठेवायची. एका रविवारी त्या दारात उभ्या राहिल्या.

“बाई, तुमच्यात कीर्तन चालतंय का?”

मी म्हटलं, नातवंडांना गोष्ट सांगते आहे. त्या आत आल्या, फोनपासून लांब भिंतीला टेकून खाली बसल्या. मी पुढे सांगू लागले. तिसऱ्या वाक्याला मागून आवाज आला, “हूं.” पाचव्याला पुन्हा, “हूं.” मला अडखळायला झालं. फोन बंद झाल्यावर मी जरा सौम्यपणे म्हटलं की मध्ये आवाज केला तर मुलांचं लक्ष जातं.

“मंग हूं कुणी द्यायचं? भिताडानं?” त्या म्हणाल्या. “माझं माहेर चाकणच्या पल्याड. आमी बाया कांद्याची पात कापाया रांगेनं बसायचो. एक जण गोष्ट सांगणार, एक जण हूं देणार. हूं देणारीचा इळा थांबला तरी चालंल, हूं थांबाया न्हाई पायजे. थांबलं म्हंजी ऐकणारं झोपलं न्हाईतर उठून गेलं. मंग सांगणारीनं गप बसायचं. कुणी ऐकत नसताना गोष्ट सांगू न्हाई, ती वाट चुकती.”

पुढच्या रविवारी धाकट्यानेच विचारलं, “हूं म्हणणारी आजी कुठे आहे?” मग आक्का दर रविवारी यायला लागल्या. कधी शेंगा सोलत, कधी नुसत्या. मी वहीत ‘हजर: तीन’ लिहू लागले.

आमचं भांडण राजावरून झालं. मी ज्या पुस्तकांवर वाढले त्यांत वाईट ते वाईटच असतं, आणि त्याला हरवायचं असतं. माझा राजा तसाच होता. त्याला चेहराही नव्हता, नुसता झगा.

“असा कसा आभाळातनं पडला?” आक्का म्हणाल्या. “त्याला कुणी आय व्हती का न्हाई?”

“आक्का, तो दुष्ट आहे.”

“व्हय, दुष्टच हाय. मी कुटं साधू म्हन्ते? पर हाकाच का चोरतोय? माणूस जे मिळालं न्हाई तेच चोरतंय. न्हाईतर बैल चोरला असता, चार पैसं तरी झालं असतं.”

मोठी तिकडून म्हणाली, “आक्काआजीचं बरोबर आहे.” मी म्हटलं, राजाचा भूतकाळ हा विषय आजच्या सभेपुढे नाही. वहीत लिहिलं: मतभेद नोंदवला.

असे रविवार किती गेले ते वहीत आहे. बहीण-भावांनी काटेरी रान ओलांडलं, मीठ पिकवणाऱ्या म्हाताऱ्याकडे हिवाळा काढला, शिपायांच्या बसच्या टपावर बसून घाट चढला. आणि ज्या ओळीत सारखं ‘तीन’ असायचं, त्या ओळीत हळूहळू ‘दोन’ दिसू लागलं. मोठीचं पोहणं रविवारी सकाळी आलं. मग तिच्या परीक्षा. धाकटा बसायचा, पण कॅमेरा बंद करून. मी विचारलं तर म्हणायचा, “ऐकतोय ना आजी.” शाळा कधीच उघडल्या होत्या, तुमचे बाबा फोन साखरेच्या डब्याला टेकवत नव्हते. तो कुठे ठेवलेला असे मला कळत नसे.

वहीत ज्याची नोंद नव्हती ते हे. गोष्ट केव्हाच संपली असती. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बहीण-भाऊ किल्ल्याच्या पायथ्याशी पोचले होते. मी तिथे खंदक काढला. खंदक ओलांडल्यावर तट. तटाला एक दार. ते उघडलं तेव्हा आत दुसरं. मी रविवारी दुपारी जेवून ताट विसळलं की टेबलाशी बसून नवीन अडथळा तयार करायची, आणि त्या दोघा मुलांना पुन्हा थंडीत उभं करायची. मला शेवट सुचत नव्हता हे खरं आहे, कारण पेटीत काय आहे ते अजूनही ठरलं नव्हतं. पण शेवट सुचला असता तरी मी तो सांगितला नसता. गोष्ट संपली की साडेसातला फोन कशासाठी करायचा, हे मला माहीत नव्हतं. बाकी आठवडाभर आपल्यात बोलण्यासारखं एवढंच उरलं होतं: जेवलात का, थंडी आहे का, अभ्यास.

पाचव्या दाराला मोठी एकदा बसली होती. ती म्हणाली, “आजी, अजून एक दार?”

“किल्ला मोठा आहे.”

“गेल्या वेळी तू म्हणाली होतीस, हे शेवटचं.”

मी वही उघडून पाहिलं. म्हटलं होतं. तिने जीभसुद्धा दाखवली नाही. ती मोठी झाली आहे हे मला तेव्हा कळलं.

आता त्या रविवारबद्दल. सातवं दार. आठवडाभर मी तयारी केली होती, कारण धाकट्याने आधी मेसेजवर ‘ओके’ पाठवलं होतं. हे दार लोखंडाचं नव्हतं, लाकडाचं नव्हतं, ते शांततेचं होतं. त्याच्यासमोर उभं राहिलं की स्वतःचं पाऊलही ऐकू येत नसे. बहीण भावाशी बोलत होती आणि त्याला नुसते ओठ दिसत होते. मी सांगत गेले. मला वाटतं, पाच वर्षांत मी इतकं चांगलं कधी सांगितलं नव्हतं. आवाज आपोआप खाली येत होता, हात हलत होते. प्रत्येक थांब्याला ‘हूं’ येत होतं. पुन्हा ‘हूं’. चाळीस मिनिटं झाली. दाराच्या फटीतून बारीक उजेड आला, तिथे मी थांबले आणि म्हटलं, “आता तू सांग, पुढे काय करतील?”

तिकडून काही आलं नाही. मी चष्मा नीट केला. फोनमध्ये पांढरं छत होतं आणि त्यावर एक पंखा, न फिरणारा. तेवढ्यात तुमच्या आईचा चेहरा आडवा आला. तिने फोन उचलला होता.

“अय्या, आई, तुम्ही अजून लाइनवर आहात? तो मघाशीच गेला हो, त्याचा मित्र आला होता. त्याला वाटलं बंद केला.”

मी म्हटलं, काही हरकत नाही, मी पण आता ठेवतच होते. ठेवला. मग आक्कांकडे वळले.

“तुम्हाला दिसत होतं?”

“व्हय.”

“केव्हापासून?”

“पंखा? दाराशी पोचल्यापून.” त्या शेंगांची टरफलं ओच्यात गोळा करत होत्या. “तुमी रंगात आला व्हता.”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, ऐकणारं नसेल तर सांगू नये म्हणून. आणि तुम्हीच हूं देत बसलात.”

“मी ऐकत न्हवते व्हय?” आक्का म्हणाल्या. “मी कोन हाय मंग? भिताड?”

त्या गेल्यावर वहीत तारीख घातली आणि लिहिलं, ‘हजर: शून्य’. आता ती ओळ वाचताना मला लाज वाटते. आक्का हजर होत्या; आम्हा दोघींपैकी गैरहजर मीच होते असं म्हणायला हवं होतं. पण तेव्हा मी तसं लिहिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या, सभा संपल्यावर मारतात तशा.

पुढच्या रविवारी मी फोन केला नाही. तुमच्याकडूनही आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी साडेसातला मी कपडे इस्त्री करत बसले. माझे चार ब्लाउज आणि दोन उशांचे अभ्रे, बाकी काही नव्हतं. बुधवारी तुमच्या बाबांचा नेहमीचा फोन आला, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल. गोष्टीचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांना ती थांबली आहे हे ठाऊक नसावं. दार मी लावून घेत होते.

तिसऱ्या रविवारी आक्कांनी बेल वाजवली. पाच वर्षांत पहिल्यांदा. हातात कांद्यांची लहान पिशवी होती, माहेराहून आलेली.

“पोरं तीन आठवडं दारात उभी हायती,” त्या म्हणाल्या. “पाय दुखलं असतील त्यांचं.”

“आक्का, ती गोष्ट मुलांची होती. मुलं मोठी झाली.”

“झाली तर झाली. माझी गोष्ट कुटं पुरी झालीये? मी पाच वर्सं ऐकलीये ती गोष्ट, माझ्यासाठी.” त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलल्या. “म्हैनाअखेर मी रहाटणीला चालले. धाकट्या पोराकडं. हितला फ्लॅट भाड्यानं देत्यात. म्हन्लं, जायच्या आदी त्या राजाचं काय ते एकदा कळू द्या.”

मला शेवट माहीत नाही, असं मी त्यांना सांगितलं. पेटीत काय आहे हे पाच वर्षांत मला ठरवता आलं नाही, हेही सांगितलं. हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते. इतकी टापटिपीची बाई आणि मुख्य वस्तूची नोंदच नाही. आक्का यावर खूप हसल्या.

मग त्या बाल्कनीत गेल्या. ऊन उतरलं होतं. खाली गाड्या लावलेल्या, पलीकडे पवनेच्या काठची झाडं आणि त्यापलीकडे एक्सप्रेसवेवरून सारख्या जाणाऱ्या गाड्यांची रेघ.

“तितं बांध व्हता,” त्यांनी बोट दाखवलं. “त्या लाल गाडीपाशी. या टायमाला मी तितं उभी ऱ्हाऊन पोरांना हाक मारायची. नदीपस्तोर जायची हाक. तीन पोरं, तिगं बी ‘ओ’ द्यायची. ‘ओ’ आल्याबिगर मी चुलीकडं वळायची न्हाई.”

“आता मारता का कधी?”

“कुनाला? फोन हायत की समद्यांकडं.” त्या माझ्याकडे वळल्या. “बाई, तुमचं नाव काय वो?”

पाच वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो. दारावर पाटी आहे, पण ती तुमच्या आजोबांच्या नावाची. मला घरात येणारी बाई मावशी म्हणते, बँकेत मॅडम, फोनवर आई नाहीतर आजी. मी माझं नाव सांगितलं तेव्हा ते दुसऱ्या कोणाचं असावं तसं वाटलं.

आक्कांनी कठड्याला दोन्ही हात टेकवले, मान वर केली आणि माझ्या नावाने हाक मारली. शेवटचं अक्षर लांबवत, उंच नेत, मग खाली सोडत. मला त्या वयाच्या बाईच्या गळ्यात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. खालचं कुत्रं उठून उभं राहिलं. सातव्या मजल्यावर कोणीतरी खिडकी उघडली. वॉचमन टोपी सावरत फाटकातून बाहेर आला आणि वर बघून ओरडला, “काय झालं आजी? कोण पडलं का?”

“तू गप ऱ्हा,” आक्का खाली म्हणाल्या, आणि पुन्हा माझ्या नावाने हाक मारली. मग माझ्याकडे न बघता, “आता द्या की.”

“काय?”

“ओ.”

मी ‘ओ’ दिली. पहिली जेमतेम आक्कांना ऐकू गेली असेल. दुसरी खालपर्यंत गेली. शेवटची ‘ओ’ मी सहा वर्षांपूर्वी दिली होती, चौथ्या मजल्यावरच्या आमच्या जुन्या घराच्या खिडकीतून, चहाचं आधण ठेवता ठेवता.

आम्ही आत आलो. मी पाणी प्यायले. मग खुर्चीवर न बसता आक्कांसमोर जमिनीवर बसले, आणि गोष्ट संपवली. ती अशी.

सातव्या दारापाशी भावाने पेटी उघडली. आत काहीच नव्हतं. तो रडायला लागला, पण त्या दाराशी रडणंही ऐकू येत नव्हतं. बहिणीने रिकाम्या पेटीला कान लावला. आत एक लहानसा आवाज होता: ओ. म्हातारीने आयुष्यभर न दिलेली, कोणी हाकच मारली नाही म्हणून राहून गेलेली ‘ओ’. बहिणीने ती मोठ्याने म्हटली. ती ऐकून शांततेचं दार उघडलं. आत हजारो रांजण. ते काठीने फुटत नव्हते, दगडाने फुटत नव्हते. पण एकापाशी उभं राहून ‘ओ’ म्हटलं की लाख वितळायची, फडकं उडायचं आणि हाक बाहेर पडून आपल्या गावाच्या दिशेने निघायची. प्रत्येक रांजणापाशी एकेकदा थांबावं लागलं. दोघांचे घसे बसले.

“हूं,” आक्का म्हणाल्या.

शेवटी एक रांजण राहिला, सगळ्यांत जुना, गाडग्याएवढा लहान. त्याच्यावर राजा बसला होता, कोणी हात लावू नये म्हणून. त्याने सगळ्यांत पहिली चोरली ती हाक त्याच्या स्वतःच्या नावाची होती. ती कानावर आली असती तर त्याला राज्य सोडून जेवायला जावं लागलं असतं.

“मी म्हन्लं न्हवतं?” आक्का म्हणाल्या. “आय व्हती त्याला.”

“म्हटलं होतंत. नोंद आहे.”

“मंग? दिली का त्यानं ओ?”

इथे आमचं पुन्हा भांडण झालं. मी म्हटलं, नाही, त्याने इतक्या मुलांना घरापासून तोडलं, त्याला इतक्या स्वस्तात सोडता येणार नाही. आक्का म्हणाल्या, सोडू नका, पण भुकेला ठेवू नका. शेवटी असं ठरलं: बहीण-भावाने राजाच्या वाटची ‘ओ’ दिली नाही. ती त्याची त्यानेच द्यायची होती. ते त्याचा रांजण न फोडता, त्याच्यापाशी ठेवून घरी परतले. राजा अजून तिथेच आहे, पहाऱ्याशिवाय, एका रांजणावर बसलेला. द्यायची तेव्हा देईल. किल्ल्याची दारं सातही उघडी आहेत.

बहीण-भाऊ गावाच्या वेशीवर पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती.

महिनाअखेर आक्का रहाटणीला गेल्या. फार लांब नाही ते, पण त्यांना गुडघे आणि मला ट्रॅफिक. समोरच्या फ्लॅटमध्ये आयटीतली चार मुलं आली आहेत, सभ्य आहेत, कानात काहीतरी घालून लिफ्टमध्ये उभी असतात. माझं दार उन्हाळ्यातही आता लावलेलं असतं.

रविवारी साडेसातला मी तुम्हाला फोन करत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याऐवजी बाल्कनीत जाऊन तुम्हा दोघांच्या नावाने एकेक हाक मारते, आक्कांनी शिकवली तशी, आणि ती फोनमध्ये रेकॉर्ड करून पाठवते. सहा-सात सेकंद. जेवलात का नाही, अभ्यास नाही, दारं नाहीत. सुरुवातीला तुमच्या बाबांनी घाबरून फोन केला होता की तुझी तब्येत बरी आहे ना. वॉचमन मात्र सरावला.

अकरा रविवार काही आलं नाही. मला ते यायला हवं होतं असं नाही. म्हणजे, हवं होतं, पण त्याची मी तुम्हाला अट घातलेली नाही. बाराव्या रविवारी, रात्रीचा भात लावत असताना फोन वाजला. तुमच्याकडून आवाजाचा मेसेज. दोन सेकंद. उघडला तर कोणा पुरुषाचा जाड, घोगरा आवाज: “ओ.” चुकीच्या माणसाने चुकून पाठवलं असं मला वाटलं. नंबर तपासला. मग पुन्हा ऐकला. पाच वर्षांपूर्वी ‘पूल जळला ना’ म्हणणारा तोच होता, फक्त मधल्या काळात माझ्या नकळत त्याचा आवाज फुटला होता.

मी तो रहाटणीला आक्कांना फोनवर ऐकवला. माझ्या जुन्या फोनवरून त्यांना लावला आणि मेसेज वाजवणारा फोन त्याला टेकवला.

“घसा बसलाय पोराचा,” आक्का म्हणाल्या. “हळद घालून दूध प्यायाला सांगा.”

“घसा नाही हो बसला. मोठा झाला.”

“असू द्या. दूध प्यायला सांगा.”

तर, दूध पी. आणि पेटीत काय होतं ते तू पहिल्या रविवारी विचारलं होतंस, त्याचं उत्तर वर दिलं आहे. उशीर झाला. मलाही यंदाच कळलं.